मदिनाचा वाफा

१

सणसवाडीतल्या भाड्याच्या खोलीत आम्ही अठरा वर्षं काढली. मी तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि सुतभर जरी इकडंतिकडं असला तरी परत पाठवायचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय मला तिथं लागली.

माझी बायको मदिना कवठे येमाईची. तिच्या माहेरी घरामागं भाजीचा वाफा होता आणि आमच्या खोलीपुढं सिमेंटची मोरी. तेलाच्या रिकाम्या डब्यांत ती पुदिना लावायची. डबे गंजून फुटले की मालकीणबाई घाण नको म्हणून माती नालीत टाकायला लावायच्या. मदिना ती माती नालीत टाकायच्या आधी थोडा वेळ हातात धरून उभी राहायची. मी ते पुष्कळदा पाहिलं होतं. तिनं कधी तक्रार केली नाही, पण कारखान्यातून मोकळा झालो तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, घर बांधायचं ते कवठ्यातच, आणि घरामागं भाजी लावायला परस पाहिजे.

जागा मिळाली ती गावाबाहेर, माळावर. वर मुरूम आणि खाली कातळ. पाया खणताना दीड फुटावर पहार खणखणली तसा गवंडी खूश झाला. म्हणाला, भूकंप आला तरी हे घर हलायचं नाही. मदिना त्या खड्ड्यात डोकावून बघत होती. कातळावर घर उभं राहतं, मेथी नाही, हे मलाही तेव्हा उमगलं.

२

आमच्या शेजारी संपतआप्पांचं रान. आप्पा सत्तरीचे, सगळा जन्म शेतीत गेलेला. मदिना गावची लेक, म्हणून मला ते पाव्हणं म्हणायचे. मी मुरमात बिया टाकून बघणार होतो, तर त्यांनी मला थांबवलं.

"माती आयती गावत न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "ती करावी लागती."

दोन हजार तीनचा उन्हाळा होता. पाऊस दोन वर्षं रुसलेला, पाझर तलाव कोरडा ठाक पडलेला आणि लोक त्यातला गाळ बैलगाड्यांनी शेतात नेत होते. आम्हीही आणला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून सात फूट सोडून, दोरी आणि खुंट्या लावून, वीस बाय बाराचा चौकोन आखला. टिकावानं मुरूम उकरला. दगड वेचून त्यांचाच कडेनं बांध घातला. दीड फुटावर सगळीकडं कातळ लागला. मी पहारीवर कानशीनं इंचाइंचाच्या खुणा करून घेतल्या होत्या आणि वीस ठिकाणी ती ठोकून बघितली. सगळीकडं तोच आवाज, तीच खोली.

मग आप्पा सांगतील तसे थर. तळाला उसाचं पाचट आणि पालापाचोळा, त्यावर त्यांच्या उकिरड्यातलं दोन वर्षं कुजलेलं शेणखत, त्यावर गाळ, चुलीची राख, पुन्हा पाला, पुन्हा खत. मदिना प्रत्येक थर अनवाणी पायांनी हलकासा दाबायची आणि पाणी शिंपडायची. वरून गोणपाटं अंथरली आणि पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

पंधराव्या दिवशी आप्पांनी मूठभर माती उचलली, आवळली आणि अंगठ्यानं ढकलली. मुटका अलगद फुटला. त्यांनी वास घेतला. मग दुसरी मूठ उचलली, तिचाही घेतला.

"लई लवकर झाली," एवढंच म्हणाले आणि हात धोतराला पुसून घरी गेले.

३

त्याच संध्याकाळी मी सहज पहार घातली. दीड फुटाला थांबायला हवी होती. ती दोन फुटांपर्यंत गेली आणि मगच वाजली.

कातळात फट असणार, असं मी म्हणालो. कातळाला फटी असतातच. गाळ पाण्याबरोबर झिरपला असेल. मी दुसरीकडं घातली, दोन फूट. चारही कोपऱ्यांत दोन फूट. दगडांच्या बांधाबाहेर वीतभर अंतरावर ठोकली तर पहार वर उडाली आणि मनगटाला झिणझिण्या आल्या.

आठ दिवसांनी अडीच फूट भरलं. पुढच्या आठ दिवसांनी तीन.

मी संपतआप्पांना विचारलं, कुजणारी माती खालचा दगड खाते का? ते म्हणाले, खाते, पण त्याला माणसाचे दहा जन्म लागतात. माझं मोजमाप चुकत असेल असं धरून चाललो. पहारीवरच्या खुणा पुन्हा टेपनं तपासल्या. खुणा बरोबर होत्या.

मदिनाला मी सांगितलं तेव्हा ती भेंडीच्या बिया भिजत घालत होती. तिला त्यात नवल वाटलं नाही. मुळ्यांना बरंच झालं, म्हणाली.

४

त्या वर्षी आमच्या वाफ्यात जे आलं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. आजूबाजूची रानं पाण्यावाचून करपत होती आणि आमच्याकडं मोरीच्या सांडपाण्यावर चुका, चाकवत, मेथी, वांगी, सगळं गुडघ्याच्या वर. मदिना सकाळी उठली की आधी वाफ्यात जायची. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, सगळं ती मातीला द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूस नसायचा. सालं कुजायला महिना लागतो, हे मला तोवर माहीत झालं होतं.

तिचा चेहरा बदलला होता. लग्नाच्या वेळी होती तशी ती दिसायला लागली. पन्नाशीची बाई मातीत बसून स्वतःशी गुणगुणते हे बघून माझ्या मनातली शंका मीच मागं ढकलायचो.

एकदा तिनं मला हाक मारली आणि माझा हात धरून मातीत घातला. माती ऊबदार होती. खत कुजताना उष्णता सुटते, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण हात आत असताना मला जाणवलं की ती ऊब एकसारखी नाही. ती वाढत होती आणि ओसरत होती, सावकाश, आणि मी नकळत माझा श्वास तिच्या तालावर घेत होतो. मी हात काढून घेतला. मदिनानं तिचा तसाच ठेवला होता.

ऑगस्टात दगडांचा बांध बाहेरच्या अंगाला कलला. बांधापलीकडं जिथं पहार उडायची तिथं आता ती दोन हात खाली जात होती. मुरूम काळा पडत चालला होता. माती वाफ्याबाहेर निघाली होती आणि ती चारही बाजूंना सारखी पसरत नव्हती. ती घराकडं येत होती.

५

आमचा मुलगा इम्रान सणसवाडीतच कामाला होता. रविवारी यायचा. त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि घराला लागून त्याच्यासाठी एक खोली काढायची होती. त्याला मी पहार घालून दाखवली. तो हसला आणि घुशी असतील म्हणाला. मग त्यानं स्वतः घातली. पूर्ण पाच फुटांची पहार मुठीपर्यंत आत गेली, वाजलीच नाही. बाहेर काढून तो तिच्या टोकाकडं बघत राहिला. टोकाला काळी, ओली, सुंदर माती चिकटली होती.

"अब्बा, हे घराखाली गेलं तर घर बसंल," तो म्हणाला.

तेच मला झोपू देत नव्हतं. भिंतीपासून सात फूट सोडले होते, त्यातले आता तीन उरले होते.

त्याच आठवड्यात मी आवाज ऐकला. दुपारी बाराचा सुमार, मी स्वयंपाकघरात जेवत होतो. फरशीखालून काहीतरी सरकत होतं. घुशीचं कुरतडणं मला माहीत आहे, हा तसला आवाज नव्हता. मोठं ढेकूळ उलटतं तेव्हा येतो तसा, भस्स करून, आणि मग थोडी माती ओघळल्याचा. मग थोडा वेळ शांतता. मग पुन्हा, तेवढ्याच अंतरानं. मी घास हातात धरून मोजत राहिलो. दोन आवाजांत बारा सेकंद. एकदाही तेरा झाले नाहीत की अकरा.

मदिना समोर बसली होती. मी विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, महिना झाला येतंय. मला का नाही सांगितलं असं विचारल्यावर ती म्हणाली की तुम्ही मोजायला लागला असता.

त्या दिवशी आमचं पहिल्यांदा वाजलं. मी म्हणालो, उद्यापासून मातीला काही घालायचं नाही, वाफा बंद. तिनं आवाज चढवला नाही. अठरा वर्षं मी एका खोलीत राहिले, काही मागितलं नाही, असं ती म्हणाली. आता एवढंच मागते, म्हणाली. पण घर दोघांचं होतं आणि ते मी कातळावर बांधलं होतं.

६

दोन दिवसांनी ती भावाकडं गावात गेली तेव्हा मी फावडं घेतलं. बेत साधा होता. भिंत आणि माती यांच्यामध्ये खोल चर खणायचा, दगड आणि सिमेंट भरायचं आणि घर मातीपासून वेगळं करायचं. ऊन डोक्यावर होतं. माळावर चिटपाखरू नव्हतं.

चर खणायला कष्ट पडले नाहीत, आणि तेच मला नको वाटत होतं. वरच्या मुरमाखाली माती आधीच पोचली होती आणि ती फावड्यावर आपण होऊन येत होती. चार फुटांवरही कातळ नाही. मी छातीइतक्या चरात उभा होतो तेव्हा माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. काढायला म्हणून डाव्यावर जोर दिला तर तोही गेला. भुसभुशीत माती आहे, हवा जास्त झाली आहे, हललो नाही तर थांबेल, असं मी स्वतःला सांगत होतो. मांड्या गेल्या. कंबर गेली. कुणी ओढत नव्हतं. माती फक्त जागा करून देत होती. मी आप्पांना हाक मारली, पण त्यांचं घर लांब होतं.

तेवढ्यात माझ्यापुढची चराची भिंत आवाज न करता खाली सरकली आणि दाराएवढी मोकळी जागा झाली.

आत अंधार असायला हवा होता. तो नव्हता. ढगाळ संध्याकाळी असतो तसा, कुठूनच न येणारा उजेड होता आणि त्या उजेडात रान होतं. काळंभोर, नुकतं नांगरलेलं, नजर थकेल तिथवर. सऱ्या माझ्यापासून निघून सरळ लांब जात होत्या आणि लांब जाऊनही एकमेकींच्या जवळ येत नव्हत्या. वर आभाळ होतं की छत ते मला सांगता येणार नाही. मान वर करायचं धाडस मला झालं नाही. मी फक्त जमीन बघितली. अठरा वर्षं मापं घेतलेला मी माणूस, त्या रानासाठी मला एक आकडा सुचला नाही.

खूप लांब एक सरी पडत होती. बैल नव्हते, ट्रॅक्टर नव्हता, मागं चालणारं कुणी नव्हतं. जमीन आपण होऊन कुशीवर वळत होती. एक ढेकूळ वळायचं, माती ओघळायची आणि मग पुढचं. तिथून आवाज यायला वेळ लागत होता, पण तो तोच होता.

मला भीती वाटायला हवी होती. ती होती, पण तिच्यावर दुसरं काहीतरी चढलं होतं. ईदगाहवर हजार माणसं एकदम वाकतात तेव्हा जे वाटतं, त्याच्या कितीतरी पट. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. आपण इतके लहान आहोत हे कळून मला बरं वाटत होतं.

मग ती सरी माझ्याकडं वळली.

ती जवळ येत गेली. वीस हात. दहा हात. शेवटचं ढेकूळ माझ्या छातीपुढं वळलं आणि थांबलं. माझ्या पायांखालची माती घट्ट झाली आणि वर यायला लागली. विहिरीतून पोहरा शेंदताना पाणी सांडू नये म्हणून जपतात, तितक्या सावकाश. मी जमिनीच्या पातळीला आलो, भिंतीशी टेकलो आणि बसून राहिलो. पुढ्यात चर नव्हता. माती बुजून सपाट झाली होती आणि तिच्यावर कुणी दाताळं फिरवावं तशा बारीक रेघा होत्या.

७

मदिना परत आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तिनं माझ्या कमरेपर्यंतची माती बघितली आणि फावडं कुठं आहे असं विचारलं. फावडं आतच राहिलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ऊन लागलं असेल, चक्कर आली असेल, हेही सांगितलं, कारण तसंही असू शकतं. आजही मी ते नाकारत नाही.

ती माझ्याजवळ बसली. मला वाटलं ती रडेल किंवा अल्लाचं नाव घेईल. तिनं विचारलं,

"सऱ्या सरळ होत्या का?"

दोरी धरावी तशा, मी म्हणालो.

"मग भिऊ नका. वाईट मनाचं कुणी एवढी सरळ सरी न्हाई काढत."

मी म्हणालो, तिथं कुणी नव्हतंच. तिनं माझ्या पायांवरची माती हातानं झाडली आणि ती न सांडता गोळा करून पुन्हा वाफ्यात टाकली.

"तुम्हाला वर कुणी काढलं मग?" ती म्हणाली.

त्यानंतर मी सिमेंटचं नाव काढलं नाही. माती सरकत राहिली. ऑक्टोबरात ती भिंतीला लागली. मी रोज सकाळी घराच्या चारी कोपऱ्यांना ओळंबा लावून बघायचो. दिवाळीच्या सुमारास मी स्वयंपाकघरातली एक फरशी उचलून पहार घातली. ती मुठीपर्यंत गेली. घराखाली कातळ उरला नव्हता. आणि घर केसभरही खचलं नव्हतं, भिंतीला एक तडा नव्हता. गवंड्यानं बांधलं होतं तेव्हा पूर्वेकडची भिंत दोन सूत बाहेर होती. ती आता सरळ होती.

इम्राननं खोली सणसवाडीत घेतली. आम्हालाही तिकडं चला म्हणाला. मदिनानं नाही म्हटलं, आणि तिच्या आधी मी.

८

पुढच्या जूनमध्ये आवाज थांबला. मी चुलीपाशी बसून बारा मोजले, वीस मोजले, शंभर मोजले. घरात एवढी शांतता झाली की मदिनानं भांडी आदळून बघितली. तिला त्या आवाजाची सोबत झाली होती. आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी हळू बोलत होतो, का ते माहीत नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिनं मला उठवलं, दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि खाली बोट दाखवलं.

फरशांच्या सांध्यांतून रोपं आली होती. बोटभर उंच, प्रत्येकाला दोन पानं. एका सांध्यातून एक, पुढच्यातून एक, वीतवीतभर अंतरावर. ती रांग मागच्या भिंतीखालून येत होती, चुलीजवळून जात होती आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्याखालून बाहेर पडत होती. मी दार उघडलं. अंगणातही होती. अंगणापलीकडं माळावर, मुरमात, जिथं कुसळसुद्धा धड उगवत नाही तिथंही होती, सरळ, टेकाडापर्यंत. तिच्या शेजारी दुसरी रांग. तिच्याही शेजारी.

मी संपतआप्पांना बोलावून आणलं. ते उंबऱ्यात थबकले. मग चपला काढून आत आले, गुडघे टेकून बसले आणि एका रोपावर वाकले. बराच वेळ वाकून होते. मी त्यांना विचारलं, कसलं आहे हे?

"ठाव न्हाई," ते म्हणाले. "असलं पान मी बघितलं न्हाई."

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"पर पेरलेलं हाय, पाव्हणं. आपसूक उगवलेलं असं रांगेत येत न्हाई."

ते गेले. मी रोपाच्या पानाला बोट लावलं. पान ऊबदार होतं. खिडकीतून ऊन येत होतं, पण रोपांची पानं उन्हाकडं वळली नव्हती. घरातली सगळी, एकूण एक, मदिना जिथं उभी होती तिकडं वळली होती. ती दोन पावलं बाजूला सरकली. मी पानांकडं बघत बसलो. पानंही सावकाश सरकली.

मदिनाच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"घालू?" तिनं मला विचारलं. अठरा वर्षांत आणि त्यानंतरही तिनं मातीच्या बाबतीत मला कधी विचारलं नव्हतं.

ते काय आहे, किती वाढेल, घर राहील की जाईल, यातलं मला काही माहीत नव्हतं. मी हत्याराच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली. चुलीजवळच्या रोपाचा देठ दोन फरशांमध्ये चेपत होता. त्याच्या मुळाला धक्का लागू नये अशा बेतानं मी माझ्या घराच्या फरशीचा कोपरा फोडला, कपची उचलून बाजूला ठेवली आणि म्हणालो,

"आता घाल."